सुलोचनाकाकूंच्या वाणाचा साबण

मागच्या दिवाळीनंतर नालवाडीत एक बातमी फिरत होती. प्रभाकरराव किराणावाल्यांच्या सुलोचनाबाईंनी म्हणे दुकानामागच्या अंगणात हातभट्टी लावली. आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे कुणाच्या मागच्या दारी वाफ दिसली की लोकांच्या नाकाला आधी मोहाचाच वास येतो. पुरावेही भक्कम होते. बाई तोंडाला ओढणी गुंडाळून, हातात भांडी घासायचे रबरी मोजे चढवून अंगणात फिरताना दिसल्या होत्या. एक जर्मनचा गंज, म्हणजे अॅल्युमिनियमचं मोठं पातेलं, काळाठिक्कर होऊन कचऱ्याच्या गाडीत गेला होता. आणि गाडीवर मेथी विकणाऱ्या बाईंनी तर शपथेवर सांगितलं, "सोताच्या डोयानं पाह्यलं म्या. वाफ निंगून राह्यली व्हती, अन् बाई दूर उभी राहून गंजाले शिव्या देऊन राह्यली व्हती."

बातमी खोटी आहे. आमच्या आणि काकूंच्या अंगणात एकच भिंत आहे, तीही मी सहज डोकावू शकेन इतक्या उंचीची. भट्टी लावायला धीर लागतो, आणि काय केलं ते पोटात ठेवण्याची सवय लागते. काकूंकडे यातलं काहीएक नाही. काकू साबण करत होत्या.

एक हवालदारही येऊन गेले. ते दारातच उभे राहिले.

"काय शिजवून राह्यल्या बाई?"

"साबन."

"साबन दुकानात भेटत नाई का?"

"दुकान आमचंच हाय, साहेब."

हवालदारांनी वळून दुकानाकडे पाहिलं. तिथे हिरवे, गुलाबी, पांढरे साबण छताला टेकले होते. मग त्यांनी काकूंच्या रबरी मोज्यांकडे पाहिलं. दारू निघाली असती तर पुढे काय करायचं ते त्यांना माहीत होतं. याचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. "सांभाळून करा," म्हणाले आणि गाडीला किक मारून निघून गेले.

आता या काकू कोण, ते सांगते. वय साठीच्या अलीकडे, आवाज वयाच्या पलीकडे. त्यांचं प्रत्येक वाक्य "मी तं म्हनतच होती" असं सुरू होतं. पाऊस आला, वीज गेली, समोरच्यांच्या पोराचं लग्न मोडलं, सगळं काकू म्हणतच होत्या. फक्त कधी आणि कुणाजवळ, ते कुणाला आठवत नाही. त्यांच्याइतकी सोपी नक्कल दुसऱ्या कुणाची नाही. मान जरा तिरकी करायची, डाव्या हाताने पदर खोचायचा आणि नाकातून "मी तं" एवढंच म्हणायचं. पुढचं लोक आपणच पूर्ण करतात.

काकूंचा दुसरा शब्द म्हणजे अंदाज. नवऱ्याच्या दुकानात तराजू तीन प्रकारचे, पण काकूंनी जन्मात काही मोजलेलं नाही. तुरीची डाळ अंदाजाने, लोणच्याचं मीठ अंदाजाने. "हातच माप हाय माहा," म्हणतात आणि हात पसरून दाखवतात. लोणचं बरं होतं, हे कबूल. पण त्यावरून ही बाई साबण करायला निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तेही काकू म्हणतच असतील.

ही सगळी भानगड सुरू झाली त्या दिवाळीच्या आधीच्या संक्रांतीला. काकूंकडे दरवर्षी हळदीकुंकू असतं, निम्म्या नालवाडीच्या बाया येतात. त्या साली काकूंनी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या साबणदाण्या लुटल्या. दुकानात पडून राहिल्या होत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण वाणाला नावं ठेवायची नसतात म्हणून सगळ्या गप्प होत्या. देवकाबाई सोडून.

देवकाबाई म्हणजे काकूंची मोठी जाऊ. मागच्या गल्लीत राहतात. त्या आधी जिभेने टाळ्यावर 'च्यक्' करतात, मग खांद्यावरचा पदर विनाकारण सारखा करतात आणि म्हणतात, "मी काई बोलत नाई, पन." हे ऐकलं की बाया आपली मुलं जवळ ओढतात. त्या दिवशी त्यांनी साबणदाणी उघडली, उलटी केली आणि ओटीत झटकून पाहिली.

"च्यक्. मी काई बोलत नाई, पन साबन कुठी हाय वं सुलोचना? यंदा डबी अन् पुढच्या साली साबन, असं हाय का?"

बैठकीतल्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. काकूंच्या हातातलं कुंकवाचं ताट थांबलं. "हो," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली साबन. माह्या हातचा."

निम्म्या नालवाडीने ऐकलं. पुढच्या संक्रांतीला काकूंच्या ताटात स्वतःच्या हातचा साबण नसला, तर देवकाबाई मरेपर्यंत ती उलटी डबी झटकत राहणार होत्या. काकूंना याची पक्की जाणीव होती. म्हणून त्यांनी काय केलं? दिवाळीपर्यंत काहीच नाही.

मग मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला. त्यातली बाई फार गोड हिंदी बोलत होती, कानात मध ओतल्यासारखं. "सबसे पहले, दोस्तों, हम पूरे ध्यान से," असं. काकू व्हिडिओ ऐकत नाहीत, त्याला उत्तरं देतात.

"सबसे पहले..."

"हो वं, मालूम हाय."

"कॉस्टिक सोडा बहुत तेज़ होता है, इसलिए..."

"माह्यापेक्षा तेज हाय का? चाल पुढं."

या गडबडीत, जर्मनचं भांडं अजिबात घ्यायचं नाही आणि सोड्यावर पाणी न ओतता पाण्यात सोडा टाकायचा, ही दोन्ही वाक्यं वाया गेली. काकूंनी मोठा जर्मनचा गंज घेतला, त्यात सोडा घातला आणि वरून पाणी ओतलं. गंजाने आधी फुस्स केलं, मग तो खदखदला, मग काळा फेस काठावरून उतरून चुलीपर्यंत आला. मेथीवाल्या बाईंनी पाहिली ती हीच वाफ. फेस ओसरल्यावर गंजाच्या बुडातून अंगण दिसत होतं.

"मी तं म्हनतच होती," काकू म्हणाल्या, "गंज हलका हाय म्हनून."

पुढच्या वेळी स्टीलचं भगोणं आलं. तेल दुकानातल्या पाकिटांतून, सोडा अंदाजाने. ही बाई लोणच्यात मीठ घालते तसा मूठ वळून सोडा घालत होती. मोजे होते म्हणून हात शाबूत राहिला. वड्या पडल्या त्या खडूसारख्या, पांढऱ्या आणि ठिसूळ. साबण आधी कुणावर तरी करून पाहायचा असतो, तर घरात प्रभाकरराव होतेच. त्यांनी हात धुतले आणि बराच वेळ नळाखालीच धरून उभे राहिले.

"सुलोचना," ते आतून म्हणाले, "हा साबन हाय का सूड हाय?"

"मळ जास्त असन तुमच्या हाताले."

तिसऱ्या खेपेला मूठ आखडली. मग तो साबण काही धरेचना. वर तेल, खाली पाणी, मध्ये काहीतरी लोंबणारं. काकूंनी त्याला शाम्पू म्हणायला सुरुवात केली आणि त्याने ओटा आणि फरशी पुसली. प्रभाकरराव दुकानातून घरात आले, तेव्हा उंबऱ्यावरून आधी त्यांची चप्पल घसरत गेली आणि मागून ते.

मी हे सगळं भिंतीवरून पाहत होते आणि कॉलेजात, नळावर, जिथे चार जण भेटतील तिथे करून दाखवत होते. गंज फसफसतो तो आवाज, प्रभाकररावांचं नळाखालचं "हाय हाय", सगळं. एका बाईकडून इतका माल मला एरवी वर्षभरात मिळत नाही. सावंगीच्या दवाखान्यात नोकरी करणारी माझी मावशी हसता हसता खाली बसली आणि म्हणाली, तिला सांग पोरी, एखाद्या दिवशी डोळ्यात उडेल. मी निरोप दिला. काकू म्हणाल्या, "डोयावर चष्मा हाय ना."

शेवटी प्रभाकरराव मध्ये पडले. बायकोच्या काळजीने नाही, तेलाच्या. "माह्या पाकिटाइनं काय पाप केलं?" म्हणाले. "मोजून तं घाल एकदा. नाईतं बंद कर."

बंद करणं शक्य नव्हतं. संक्रांत जवळ येत होती, आणि देवकाबाई येता-जाता दुकानासमोर थांबून विचारत, "च्यक्. काय म्हनते वं साबन?" तेव्हा काकू आयुष्यात पहिल्यांदा उठून माप आणायला दुकानात गेल्या. त्यांना इलेक्ट्रॉनिक काट्यावर विश्वास नाही, त्यातले आकडे सारखे थरथरतात म्हणून. त्यांनी मोहरी-जिऱ्याचा जुना पितळी तराजू उचलला.

"तो नको घेऊ," प्रभाकरराव एकदम म्हणाले.

"काऊन?"

"तो... जुना हाय."

"मी बी जुनीच हाय," काकू म्हणाल्या आणि तराजू घेऊन आत आल्या.

प्रभाकरराव मागून दोन पावलं आले, गिऱ्हाईक आलं म्हणून परत गेले. त्या दिवशी त्यांचा चेहरा काही बरा नव्हता. मला वाटलं, तेलासाठी असेल.

या खेपेला काकूंनी व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला, म्हणजे मधूनमधून. तेल पाकिटावर लिहिलेलं तेवढं. सोडा पितळी तराजूत, वजनं टाकून. मग पाण्यात सोडा, सोड्यात तेल, आणि रवीने घुसळणं सुरू. बराच वेळ काही नव्हतं, मग ते मिश्रण कढीसारखं जाड व्हायला लागलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण हळदीकुंकवाचा साबण म्हटल्यावर काकूंनी त्यात मूठभर हळद टाकली, अंदाजाने. आणि ते सगळं लालभडक झालं.

काकूंची रवी थांबली. "माय वं," त्या हळूच म्हणाल्या. "हळदीचं कुंकू झालं."

वरणाचा डाग पडलेल्या सदऱ्याला जिने कधी साबण लावला असेल, तिला हळद लाल होते ते माहीत आहे. काकूंनी असे हजार सदरे धुतले असतील. पण त्या दिवशी त्यांनी भगोण्याला हात जोडले. मी भिंतीमागे खाली बसून ओढणी तोंडात कोंबली.

आणि तो कशात ओतला म्हणता? मागच्या साली उरलेल्या साबणदाण्यांमध्ये. पोतंभर शिल्लक होत्या. सुकल्यावर एकेक वडी बाहेर आली. तिच्या बुडाला डबीच्या भोकांचे फोड आणि रंग विटेचा. महिनाभर त्या वड्या कोनाड्यात वाळत होत्या आणि काकू रोज सकाळी त्यांना उलथवत होत्या, पापड उलथवावे तशा.

त्यातली एक वडी हातात घेऊन मी म्हटलं, "काकू, ह्यानं कोनी अंग नाई घासनार. टाचा घासतीन फार तं. तेबी दगड नसन तं."

"पैज लाव, गुंजन."

"लावा."

"देवकाबाई सोता येऊन दुसरी वडी मागन. सोताच्या तोंडानं. रथसप्तमीच्या आत."

मला हसू आवरेना. देवकाबाईंनी आजवर कुणाकडे मीठसुद्धा मागितलेलं नाही. मागायची वेळ आली तर सुनेला पाठवतात आणि वर मीठ ओलं निघालं म्हणून सांगतात. मी म्हटलं, ठीक. तुम्ही हरल्या तर दुकानासमोर उभं राहून म्हणायचं, "मले साबन येत नाई." काकूंनी जन्मात 'येत नाई' हे दोन शब्द जोडून उच्चारलेले नाहीत. ते नुसते ऐकूनच मला बरं वाटणार होतं.

"अन् तू हरली तं," काकू वडी पुसत म्हणाल्या, "तू नकला करतं ना लोकाइच्या माघारी. माही करतं, मले मालूम हाय. तं देवकाबाईची करजो. देवकाबाईच्या म्होरं."

मी लगेच हो म्हटलं. जिंकलेल्या पैजेची शिक्षा कोण ऐकून घेतं?

हळदीकुंकवाला बैठक भरली. तिळगूळ झाला, हळदीकुंकू लागलं, आणि काकू ताट घेऊन उठल्या. वड्या जुन्या साडीच्या चिंध्यांत बांधलेल्या, वर हळदीकुंकवाचं बोट. पहिल्या चार-पाच बायांनी ओटीत घेतल्या आणि हाताने चाचपून एकमेकींकडे पाहिलं. काकू कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. एरवी ज्या बाईचा आवाज पार जाम गावच्या चौकापर्यंत जाईल, ती नुसती एकेक वडी ओटीत घालत पुढे सरकत होती. हे मात्र मला करून दाखवता येत नाही, कारण करून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

देवकाबाईंनी चिंधी सोडली. वडी उलटी केली, बुडाचे फोड पाहिले, नाकाशी नेली.

"च्यक्. मी काई बोलत नाई, पन हे तं वीट हाय वं सुलोचना. घर बांधाले देऊन राह्यली का?"

सगळी बैठक हसली. सगळ्यांत मोठ्याने मी. काकू ताट घेऊन पुढच्या बाईकडे वळल्या आणि एवढंच म्हणाल्या, "लावून पाहाजा, ताई."

मग त्या आठवड्यात थंडी पडली. आमच्याकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, पायांच्या टाचांत भेगा पडतात, आणि दुकानातल्या साबणाने अंघोळ केली की हातावर नखाने नाव लिहिता येतं. आधी आमच्याच घरात आई म्हणाली, "ते वीट लावून पाह्यली वं, अंग नाई ओढत." ती फितूर झाल्यासारखं मी तिच्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यावरच्या रुचिकावहिनी, मग मेथीवाल्या बाई. मेथीवाल्या बाईंना तर वाण मिळालंही नव्हतं, त्यांनी कुणाची तरी वडी अर्धी कापून घेतली होती.

रथसप्तमीच्या आदल्या दुपारी मी काडीपेटी घ्यायला दुकानात उभी होते. प्रभाकरराव जेवायला गेलेले, गल्ल्यावर काकू. देवकाबाई आल्या. रस्त्याकडे पाहिलं, मला पाहिलं, पदर सारखा केला.

"च्यक्. आमची सून म्हनत व्हती, ते तुही वीट असन एखांदी तं."

"सुनेले पाहिजे का?" काकू म्हणाल्या. "तं सुनेले पाठवजा, ताई. तिले विचारून देतो, कशी लागली म्हनून."

"ते कामात हाय."

"मंग सवडीनं येऊ द्या तिले."

देवकाबाई जायला वळल्या. दोन पायऱ्या उतरल्याही. मी मनात दुकानासमोर काकूंना उभं करून "मले साबन येत नाई" म्हणायला लावलं, आवाजही ऐकला. मग देवकाबाई परत वर चढल्या. त्यांनी चपलेतून पाय काढून टाच दाखवली, भेगा भरत आलेल्या.

"मले पाहिजे वं," त्या म्हणाल्या. "मले. दे आता."

काकूंनी वडी दिली. "मी तं म्हनतच होती" असं म्हणाल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, तेच बस्स होतं.

माझा काही विश्वास बसेना. संध्याकाळी तराजू दुकानात परत ठेवायचं काम काकूंनी मलाच सांगितलं, तेव्हा सामानाच्या पारड्याखाली माझं बोट चिकटलं. चिंच. सुकलेली, काळी, बोराएवढी चिंचेची गोळी पारड्याच्या खाली दाबून बसवलेली. मोहरी-जिरं घेणाऱ्या निम्म्या नालवाडीचं तेवढं तेवढं वजन तिने खाल्लेलं. म्हणून प्रभाकररावांचा चेहरा तसा झाला होता. आणि त्याच पारड्यात काकूंनी सोडा मोजला होता. म्हणजे सोडा कमी पडला, तेल शिल्लक राहिलं आणि साबण मऊ झाला. व्हिडिओतली बाई सांगतच होती, सोडा थोडा कम चलेगा, ज़्यादा नहीं. यात काकूंची अक्कल कुठेही नव्हती. नवऱ्याची लबाडी होती, फक्त तेलपाण्यात कालवलेली.

मी तराजू उलटा धरून हे सगळं काकूंना ऐकवलं. माझ्या मते हा पैजेचा निकाल फिरवणारा पुरावा होता.

काकूंनी चिंच पाहिली. आतल्या खोलीकडे तोंड करून "अहो, भायेर या जरा" म्हणाल्या, आणि प्रभाकरराव बाहेर आले नाहीत. मग माझ्याकडे वळल्या.

"चिंच बी माह्याच घरची हाय ना?"

"हो, पन..."

"मंग उद्या चाल. दुपारून देवकाबाईकडं हळदीकुंकू हाय."

गेले. बैठक भरलेली, तिळगूळ वाटून झालेला. काकूंनीच सगळ्यांना सांगितलं, गुंजन एक नक्कल करून दाखवणार आहे, कुणाची ते ओळखा. मी उभी राहिले. समोरच पाटावर देवकाबाई. पळायला जागा नव्हती, म्हणून जशी येते तशीच केली. टाळ्यावर 'च्यक्' केलं. खांद्यावरची ओढणी विनाकारण सारखी केली. हातात नसलेली डबी उलटी करून ओटीत झटकली, टाच दाखवली आणि म्हटलं, "मी काई बोलत नाई, पन."

कुणी हसलं नाही. बायांनी आधी माझ्याकडे, मग देवकाबाईंकडे, मग आपापल्या ओटीकडे पाहिलं. काकू मागच्या भिंतीला टेकून पदर तोंडात धरून बसल्या होत्या, त्यांचे खांदे हलत होते.

देवकाबाईंनी मला नीट पाहून घेतलं. मग टाळ्यावर जीभ वाजली.

"मी काई बोलत नाई," त्या म्हणाल्या, "पन अशी बाई ज्याच्या घरात असन, त्याचं कठीनच हाय. कोन हाय वं हे?"

काकूंनी पदर तोंडातून काढला. "सांग ना वं, गुंजन," त्या म्हणाल्या. "ताई विचारून राह्यल्या."